व्यसनमुक्तीचा खराटा : श्री संत गाडगे महाराज यांचे जीवनचरित्र

महाराष्ट्रात संत पुष्कळ होऊन गेले आणि त्यांपैकी बहुतेकांची पुढे देवळे झाली. परंतु ज्यांनी आपला एकही शिष्य केला नाही, कोणाला कानमंत्र दिला नाही, पाया पडावयास वाकणाऱ्यावर काठी उगारली आणि जन्मभर हातात खराटा धरून गावे झाडली, असे संत एकच. ते म्हणजे श्री गाडगे महाराज होत. आपल्या पनवेल तालुक्यातील एका गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होत असता या सत्पुरुषाचे स्मरण करणे सर्वथा उचित आहे. मंदिराचा गाभारा स्वच्छ ठेवावयाचा तर मंदिराभोवतालचा गावही स्वच्छ असला पाहिजे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. आणि गावातील केरकचऱ्यापेक्षाही मोठी घाण ते दारूला समजत. हे ज्ञान त्यांना कोणत्या पोथीतून झाले नव्हते. ते त्यांनी आपल्या घरातच, वयाच्या आठव्या वर्षी, फार मोठी किंमत देऊन मिळविले होते.

जन्म व बालपण

श्री गाडगे महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी जानोरकर व आईचे सखूबाई. मुलाचे नाव डेबूजी ठेवण्यात आले. घरची स्थिती बेताची, पण उपाशी राहावे अशी नव्हती. झिंगराजी हा स्वभावाने भला व कष्टाळू माणूस होता. मग असे घर उद्ध्वस्त कशाने झाले? तर दारूने.

ही दारू झिंगराजीने चैनीसाठी हाती धरली नव्हती. त्या काळी त्या समाजात देवकार्य असो, बारसे असो की बारावा-तेरावा असो, बकरे कापल्याशिवाय आणि दारूचे प्याले फिरल्याशिवाय कार्य पुरे झाले असे कोणी मानीत नसे. कुलाचार म्हणून पहिला घोट घ्यायचा, पाहुण्यांच्या आग्रहास्तव दुसरा, आणि मग रोजची तलफ. पैपाहुण्यांच्या संगतीत झिंगराजी या वाटेने गेला. शेती हातची गेली, शरीर पोखरले गेले, आणि १८८४ साली तो ऐन उमेदीत मरण पावला. शेवटच्या दिवसांत त्याला फार पश्चात्ताप झाला व मुलाला या असल्या देवकार्यांपासून दूर ठेवण्याविषयी त्याने पत्नीला विनविले, असे चरित्रकार सांगतात. डेबूचे वय तेव्हा आठ वर्षांचे होते.

पुढे महाराजांनी हजारो कीर्तने केली. त्या सर्वांचे बीज या एका मृत्यूत आहे. बाप वाईट नव्हता, रीत वाईट होती, हे त्यांनी लहानपणीच पाहिले. म्हणून त्यांनी दारुड्याचा तिरस्कार कधी केला नाही. ज्या रिवाजामुळे भला माणूस दारुडा होतो त्या रिवाजावर मात्र त्यांनी कधीही दया दाखविली नाही.

दापुऱ्याचे दिवस

पती निवर्तल्यावर सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आली. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्या आश्रयाने डेबू वाढू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. गुरे राखणे, गोठा साफ करणे, नांगर धरणे, मोट हाकणे, यातच त्याचे बालपण गेले. थोड्याच वर्षांत तो पंचक्रोशीत एक उत्तम शेतकरी म्हणून नावाजला गेला. गुराखी सवंगड्यांना जमवून तो भजन करी. जातपात न पाहता साऱ्यांची शिदोरी एकत्र करून खाणे हा त्याचा तेव्हापासूनचा परिपाठ होता. दिवसभर कष्ट आणि रात्री भजन, यांत दारूला जागाच उरत नाही, हा अनुभव त्याने तेथे घेतला. पुढे गावोगावी त्यांनी श्रमदान आणि कीर्तन यांची जी जोडी घातली, तिचा उगम दापुऱ्याच्या शेतातच झाला होता.

१८९२ साली डेबूजीचा विवाह कुंताबाई यांच्याशी झाला. संसार सुरळीत चालू असता घरावर दुसरे संकट आले. मामा चंद्रभान भोळा आणि निरक्षर होता. सावकाराच्या कागदांवर तो अंगठे उठवीत गेला आणि कर्ज फेडले असे समजत राहिला. एके दिवशी जमीन सावकाराच्या नावे गेल्याचे कळले. त्या धक्क्याने मामा खचला व मरण पावला. सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली तेव्हा डेबूजीने नांगर सोडला नाही. तो त्यांच्यासमोर निर्भयपणे उभा राहिला. बाप दारूने नेला आणि मामा कर्जाने. दारू, कर्ज आणि निरक्षरता ही तीन सख्खी भावंडे आहेत व एक घरात शिरले की दुसऱ्या दोघांस दार उघडून देते, ही गोष्ट तेव्हापासून त्यांच्या मनात पक्की झाली.

एका बारशाची गोष्ट

डेबूजीच्या घरी पहिली कन्या जन्मली. तिचे बारसे ठरले. भाऊबंद व सोयरे जमले. रिवाजाप्रमाणे बकरे पडणार आणि दारू वाहणार अशी सर्वांची खात्री होती. परंतु डेबूजीने पंगतीत गोडाचे जेवण वाढले. मटण नाही, दारूचा थेंब नाही. पंगतीत मोठा गहजब झाला. वाडवडिलांची रीत मोडली, देवाचा कोप होईल, जातीबाहेर टाकू, असे बोलणे झाले. डेबूजी शांतपणे वाढीत राहिला. देवाचा कोप झाला नाही. कन्या वाढली, आणि पाहुण्यांचे पोटही भरले.

ही घटना वरकरणी लहान वाटेल. परंतु विचार करणाऱ्यास तिचे मोल कळेल. दारू वाईट आहे हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. ठाऊक असूनही ती ताटाशेजारी ठेवावी लागे, कारण पहिल्याने ती नाकारणाऱ्यास चारचौघांत अपमान सोसावा लागे. डेबूजीने तो अपमान स्वतःच्या दारात, स्वतःच्या मुलीच्या बारशाला, स्वतःवर घेतला. दुसऱ्याच्या घरी जाऊन उपदेश करण्यापूर्वी त्याने आपल्या घरची पंगत बदलली. म्हणूनच पुढे लाखो लोकांनी त्यांचे ऐकले.

गृहत्याग व लोकसेवा

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजीने आई, पत्नी व मुले यांस मागे ठेवून घर सोडले. अंगावर चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी व खराटा आणि सोबत एक मातीचे गाडगे. हेच गाडगे जेवणाचे भांडे, पाणी पिण्याचे भांडे आणि प्रसंगी डोक्यावरचे शिरस्त्राण. त्यावरून लोक त्यांस गाडगेबुवा, गाडगे महाराज म्हणू लागले. चिंध्यांच्या गोधडीवरून काही भागांत गोधडे महाराज असेही नाव पडले. त्यांनी स्वतः मात्र स्वतःला कोणतेही नाव लावून घेतले नाही.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. तेथे नदीचा उतार निसरडा असे व स्नानास जाणारी म्हातारी माणसे व बायाबापड्या घसरून पडत. महाराज तेथे दगडमाती वाहून पायवाट करू लागले. एक माणूस राबतो हे पाहून दुसऱ्याने पाटी उचलली, मग दहांनी, मग शंभरांनी. लोकवर्गणीतून तेथे घाट उभा राहिला. कोणाला आज्ञा न करता, नुसते स्वतः राबून लोकांना कामास लावण्याची ही हातोटी त्यांना जन्मभर उपयोगी पडली.

ते गावात शिरत ते खराटा घेऊनच. कोणाशी न बोलता रस्ता झाडावयास लागत. गटारे साफ करीत. पाटलाला वाटे कोणी वेडा आला आहे. दिवसभर झाडल्यावर संध्याकाळी ते सांगत की आज रात्री कीर्तन आहे. सकाळी ज्याने गटार उपसले तोच रात्री कीर्तनास उभा राहिलेला पाहून लोक थक्क होत. भाकरीच्या बदल्यात ते काम करीत, कामाशिवाय भाकरी घेत नसत.

महाराजांचे कीर्तन

महाराजांचे कीर्तन हे इतर कीर्तनांसारखे नव्हते. संस्कृत श्लोक नाहीत, आख्यान नाही, शाल-श्रीफळ नाही. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या खेडुताला प्रश्न विचारीत आणि त्याच्याच तोंडून उत्तर वदवून घेत. संत तुकाराम महाराजांस ते गुरुस्थानी मानीत व त्यांच्या अभंगांचा आधार घेत. मी कोणाचा गुरू नाही व माझा कोणी शिष्य नाही, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत कायम राहिली.

दारूविषयी बोलताना ते नरकाची भीती घालीत नसत. ते हिशेब मांडीत. दिवसाची मजुरी किती, त्यातील गुत्त्यावर किती गेली, उरलेल्यात पोरांना काय मिळाले, बायकोच्या अंगावर धड लुगडे आहे की नाही, हे श्रोत्यालाच विचारीत. श्रोता उत्तर देता देता खाली मान घालीत असे. मग ते त्याला सांगत की दारूचे पैसे वाचव व पोराला शाळेत घाल. ताट नसेल तर भाकरी हातावर घेऊन खावी, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्यावे, पण मुलांना शिकविल्याशिवाय राहू नये, असा त्यांचा आग्रह असे. देवाला बकरे लागते व दारू लागते ही समजूत तर ते हसवून हसवून खोडून काढीत. ज्या देवाने बकरे निर्माण केले तो देव बकऱ्याच्या रक्ताने कसा प्रसन्न होईल, हा विचार ते अडाण्यातील अडाणी माणसाच्या गळी उतरवीत. कर्ज काढून सण करू नये, लग्नात उधळपट्टी करू नये, हुंडा घेऊ नये, शिवाशीव पाळू नये, मुक्या जनावराचा बळी देऊ नये आणि दारूला शिवू नये, ही त्यांची शिकवण होती.

या शिकवणीत एक सूत्र आहे. महाराजांनी दारू ही गोष्ट सुटी, एकटी कधी पाहिली नाही. सणाच्या खर्चाशी, सावकाराच्या वहीशी, मुलाच्या शाळेशी आणि बायकोच्या अश्रूंशी ती कशी बांधलेली आहे ते त्यांनी उलगडून दाखविले. जो एक धागा सोडवील त्याचे इतर धागेही सुटत जातील, असा त्यांचा अनुभव होता.

धर्मशाळा व संस्था

लोकांनी महाराजांपुढे पैशांच्या राशी ओतल्या. त्यांनी त्यातील एक पैसाही स्वतःसाठी वा कुटुंबासाठी घेतला नाही. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इत्यादी क्षेत्री त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरास अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना डोके टेकावयास जागा नसे. त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत रुग्णालयांत येणाऱ्या गरीब रोग्यांच्या नातेवाइकांची राहण्याची सोय व्हावी म्हणून तेथेही धर्मशाळा काढल्या. गोरक्षण, अंध-अपंगांस अन्नवस्त्र, सदावर्त, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे व आश्रमशाळा, अशी त्यांची कामे अनेक आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेवर त्यांचा लोभ होता. कराड येथे १९५४ साली रयतने काढलेल्या महाविद्यालयास त्यांचेच नाव देण्यात आले. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन या सर्व संस्थांचा कारभार एका व्यवस्थेखाली आला.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की एवढ्या इमारती बांधणाऱ्या या संताने स्वतः देऊळ बांधले नाही. देवळांचा त्यांना द्वेष होता असे नव्हे. क्षेत्रोक्षेत्री त्यांनी देवळांचे परिसर आपल्या हाताने झाडले. परंतु देव भुकेल्याच्या, रोग्याच्या व अडाण्याच्या रूपात भेटतो अशी त्यांची श्रद्धा होती. या संस्थांच्या मिळकतींवर आपल्या नात्यागोत्यातील कोणाचा हक्क राहणार नाही याचीही त्यांनी व्यवस्था केली. देणगीचा पैसा कसा सांभाळावा याचा हा धडा सर्व विश्वस्तांनी व देणगीदारांनी जपून ठेवण्यासारखा आहे.

कोकणातील एक प्रसंग

महाराजांचा संचार कोकणातही झाला. १९२३ साली खारेपाटण येथे त्यांचे कीर्तन चालू असता त्यांचा एकुलता मुलगा गोविंद पिसाळलेले कुत्रे चावल्याने मरण पावल्याची वार्ता आली. कीर्तन थांबले नाही. समोर जमलेल्या लोकांची मुलेही आपलीच आहेत, या भावनेने महाराजांनी ते पुरे केले, असे चरित्रांतून सांगितले जाते. बापाचा मृत्यू दारूने पाहिलेला मुलगा आणि मुलाचा मृत्यू दुरून ऐकलेला बाप, अशी दोन्ही दुःखे ज्याने पचविली, तो दुसऱ्याच्या घरातील दुःखाविषयी बोलू लागला म्हणजे ऐकणाऱ्याचे काळीज हलल्याशिवाय राहत नसे.

कायदा आणि कीर्तन

मुंबई राज्याचे पंतप्रधान व पुढे मुख्यमंत्री झालेले श्री. बाळासाहेब खेर हे महाराजांचे चाहते होते. त्यांच्याच पहिल्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० साली राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. भारताच्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमातही मादक पेये व अपायकारक द्रव्ये यांस औषधाव्यतिरिक्त बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे मार्गदर्शक तत्त्व घातलेले आहे.

परंतु कायदा आला तरी हातभट्ट्या रानात व खाडीकाठी पेटत राहिल्या, आणि पुढच्या काळात कायद्यातही सवलती येत गेल्या. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. कायद्याने गुत्त्याचे दार बंद करता येते, पण माणसाच्या मनाचे दार त्याने आपणहून लावावे लागते, आणि ते लावून देण्याचे काम महाराजांचे कीर्तन करीत होते. दोन्हींची गरज आहे. कायद्याशिवाय कीर्तन दुबळे पडते आणि कीर्तनाशिवाय कायदा.

देहत्याग

वयाच्या ऐंशीव्या वर्षीही महाराजांची भ्रमंती थांबली नव्हती. शरीर थकले होते, मधुमेहासारखे विकार जडले होते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांपुढे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले असून त्यांचा तो खणखणीत आवाज आजही ऐकावयास मिळतो. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर महाराजांनी देह ठेवला. जन्मभर चालणारा हा संत वाटेतच विसावला. अमरावती येथे त्यांची समाधी आहे. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले व अमरावती विद्यापीठासही २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

आपला परिसर आणि महाराजांची शिकवण

दारूची कहाणी आपल्या पनवेल-उरण भागास नवीन नाही. ब्रिटिश अमदानीत उरण हा पनवेल तालुक्याचाच पोटविभाग होता आणि तेथील भट्ट्यांतून मोहाची दारू मुंबईस जात असे. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा व विकण्याचा सारा व्यवहार सरकारने आपल्या मुठीत आणला. ताडामाडांवर कर बसला. १८९२ साली तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता खास मोहा कायदा होऊन मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. गरीब आदिवासी बांधव जी फुले अन्न म्हणून खात, तीही सरकारी नजरेखाली आली. हेतू सांगितला गेला तो बेकायदा दारू रोखण्याचा. पण अधिकृत गुत्ते चालूच राहिले व त्यांचे उत्पन्न सरकारी तिजोरीत पडत राहिले. दारूतून पैसा करणारे नेहमी गावाबाहेरचे असतात आणि उद्ध्वस्त होणारे घर मात्र गावातले असते, हा धडा या इतिहासात आहे.

पुढे काळ पालटला. १९७० नंतर नवी मुंबईच्या उभारणीसाठी या भागातील भातशेते व मिठागरे संपादित झाली. भूमिपुत्रांनी हक्कासाठी झगडा केला. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान परिसरात त्यांनी रक्तही सांडले. हुतात्म्यांच्या त्या त्यागातून भूमिपुत्रांच्या पदरी अधिक मोबदला व विकसित भूखंड पडले. काही घरांनी त्या पैशाने मुलांना शिकविले, धंदे उभे केले. काही घरांत मात्र जमीनही गेली आणि पैसाही गेला. पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळून राखलेली जमीन बाटलीच्या तोंडातून वाहून जाते तेव्हा दापुऱ्याच्या चंद्रभानमामाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तेथे सावकाराचा कागद होता, येथे हातातील रोख रक्कम, शेवट एकच.

आपल्याकडे लग्नापूर्वीची हळद मोठ्या थाटाने होते. मटणाचे बेत, वाद्ये आणि दारू यांवर एका रात्रीत जेवढा खर्च होतो तेवढ्यात एका मुलाचे शिक्षण होऊ शकेल. यजमानाला दारू द्यावयाची असतेच असे नाही. न दिली तर लोक काय म्हणतील, हे भय त्याच्याकडून ती देववते. हेच भय डेबूजीच्या बारशाच्या पंगतीत होते. गटारी अमावास्येची तीच कथा. श्रावणातील व्रताचे निमित्त करून आदल्या दिवशी झिंगावे असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. घरातील आठ-दहा वर्षांचे मूल कोपऱ्यात उभे राहून हे सारे पाहत असते. व्यसन लागते ते विसाव्या वर्षी, पण त्याचे शिक्षण सुरू होते ते आठव्या वर्षी, वडीलधाऱ्यांच्या पंगतीत. डेबू ते पाहून सावध झाला. प्रत्येक मूल सावध होईलच असे नाही.

महाराजांच्या काळी नव्हत्या अशा काही सोयी आज आहेत. गावातील दारूचे दुकान बंद करावयाचे असल्यास २००८ च्या शासन आदेशानुसार गावच्या महिला मतदारांना गुप्त मतदानाने तसा निर्णय करता येतो. बाटली आडवी करणे असे त्यास लोक म्हणतात आणि महाराष्ट्रातील अनेक गावांच्या मायबहिणींनी ती आडवी करून दाखविली आहे. व्यसन हा आजार आहे व त्यावर उपचार होतो, हेही आता वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. पुण्यास १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्थांतून कित्येक माणसे संसारात परतली आहेत. केंद्र शासनाच्या १४४४६ या दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. फार वर्षे पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास अंगाला कंप, झटके, भ्रम असे जिवावरचे त्रास होऊ शकतात. म्हणून अशा माणसाला देवापुढे शपथ घालून घरी कोंडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. शपथ मनाला बळ देते, औषध शरीराला सांभाळते. आणि दारूइतकेच गुटखा, तंबाखू, गांजा व नव्याने आलेल्या नशेच्या गोळ्या-पावडरी यांपासून तरुण मुलांना जपले पाहिजे.

समारोप

मंदिराचा जीर्णोद्धार व्हावा म्हणून ग्रामस्थांनी अंगमेहनत केली, चाकरमान्यांनी मुंबईहून पैसे पाठविले, मायबहिणींनी मूठमूठ तांदूळ काढून ठेवले, दानशूर मंडळींनी सढळ हाताने देणग्या दिल्या. या पुण्यकार्याबद्दल सर्व धन्यवादास पात्र आहेत. कळस चढला, आता सभामंडप रिकामा राहता कामा नये. त्यात भजन व्हावे, मुलांनी तेथे अभ्यासास बसावे, आणि व्यसनात सापडलेल्या माणसाला त्याच्या घरच्यांनी लाज न बाळगता तेथे आणून चार वडीलधाऱ्यांपुढे बसवावे. गावकीने बैठक घेऊन यापुढे हळदीत, बारशात व देवकार्यात दारू असणार नाही असा ठराव केला, आणि तो मोडणारा कितीही मोठा देणगीदार असला तरी त्याची भीड धरली नाही, तर गाडगे महाराजांचा खराटा आपल्याही गावात फिरला असे होईल.

महाराजांना हार नको होते, पाद्यपूजा नको होती. झिंगराजीसारखा एखादा भला बाप आपल्या गावात आज जिवंत असेल. त्याचा प्याला वेळीच खाली ठेवविला गेला आणि त्याचा डेबू पोरका होण्यापासून वाचला, तर महाराजांचे स्मरण सार्थकी लागले असे समजावे. ग्रामदैवत सर्वांना तशी सुबुद्धी व बळ देवो.